गाडी नापास झाली, आता पुढे काय?

मे महिना संपत आला की आरटीओच्या मैदानावर पिवळ्या बस आणि शाळेच्या व्हॅनची रांग लागते. जूनच्या मध्यावर शाळा सुरू व्हायच्या आत पासिंग उरकून घेण्याची सगळ्यांना घाई असते. समजा, या रांगेतल्या एका व्हॅनचा मालकच तिचा चालक आहे. गाडी नऊ वर्षांची. सकाळी आणि दुपारी मिळून दोन फेऱ्यांत तो चौदा मुलांची ने-आण करतो. तपासणी होते आणि हातात कागद पडतो. मागच्या दोन चाकांच्या ब्रेकमध्ये तफावत, पुढचा उजवा टायर झिजलेला, डाव्या हेडलाइटचा झोत वर. निकाल : नापास.

तो कागद वाचताना त्याला आधी ब्रेक आठवत नाही, कर्जाचा हप्ता आठवतो. शाळा दहा दिवसांवर आलेली असते. पालकांना काय सांगायचे, दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे, तोवर मुलांना कोण नेणार, हे प्रश्न एकदम उभे राहतात. तेवढ्यात ओळखीचा कोणीतरी जवळ येऊन सुचवतो, ‘मित्राच्या गाडीचे टायर चढवून आण, ब्रेक तात्पुरते आवळून घे, होऊन जाईल.’

सल्ला स्वस्त असतो, काम एका दिवसात होते आणि कागदही मिळतो. मात्र दुसऱ्या दिवशी ते टायर परत जातात आणि जुनाच टायर पुन्हा मुलांच्या फेऱ्या करू लागतो. रक्तदाब तपासायच्या दिवशी सकाळी तेवढी एक गोळी घ्यायची आणि आकडा चांगला आला म्हणून औषध बंद करायचे, असे करणारे रुग्ण डॉक्टरांना ठाऊक असतात. आकडा सुधारतो, आजार तिथेच राहतो. गाडीच्या बाबतीत फरक एवढाच, की परिणाम मालकाबरोबर मागे बसलेल्या मुलांना आणि रस्ता ओलांडणाऱ्यांनाही भोगावा लागतो.

‘नापास’चा अर्थ

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या व्यावसायिक वाहनाकडे योग्यता प्रमाणपत्र असावे लागते. बोलीभाषेतले ‘पासिंग’ ते हेच. नव्या गाडीला पहिल्यांदा दोन वर्षांचे प्रमाणपत्र मिळते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत नूतनीकरण दोन-दोन वर्षांचे असते, त्यानंतर दरवर्षी. प्रमाणपत्र नसलेल्या व्यावसायिक वाहनाची नोंदणी कायद्याच्या लेखी वैध धरली जात नाही. घरच्या मोटारीला किंवा दुचाकीला ही वेळ साधारणपणे पंधरा वर्षांनी येते. तेव्हा तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. धुराची तपासणी, म्हणजे पीयूसी, मात्र सगळ्यांनाच आहे. नवे वाहन एक वर्षाचे झाले की ती सुरू होते.

बऱ्याच ठिकाणी ही तपासणी आता यंत्रांवर होऊ लागली आहे. स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. तिथे गाडीची चाके फिरत्या रोलरवर चढवतात आणि ब्रेक दाबल्यावर प्रत्येक चाक किती जोराने अडते ते मोजतात. हेडलाइटच्या झोताची दिशा आणि तीव्रता, स्टेअरिंगमधला ढिलेपणा, सस्पेन्शन, स्पीडोमीटर, हॉर्नचा आवाज, धूर यांचीही मोजणी होते. काच, वायपर, आरसे, रेडियमच्या पट्ट्या, सीटबेल्ट, दरवाजे हे डोळ्यांनी पाहिले जाते.

त्यामुळे नापासाचा अहवाल हा प्रयोगशाळेच्या रिपोर्टसारखा वाचायला हवा. ‘नापास’ एवढाच शब्द ऐकून घरी येऊ नये. कोणत्या चाकाचा ब्रेक कमी, किती कमी, कोणता दिवा, कोणता टायर, हे लेखी मागून घ्यावे. समजले नाही तर निरीक्षकाला तिथेच विचारावे. हा कागद मेकॅनिकच्या हातात गेला की त्याचे निम्मे काम सोपे होते. तो नसेल तर मेकॅनिक अंदाजाने सुटे भाग बदलत राहतो आणि खर्च वाढतो.

ब्रेकचा हिशोब

‘थोडा ब्रेक कमी आहे, सांभाळून चालवतो’, असे अनेक चालक प्रामाणिकपणे म्हणतात. या ‘थोड्या’चा हिशोब मांडून पाहू. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे आणि समोर मूल धावत आले. ते दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे सरकलेली असते. त्यानंतर चांगले ब्रेक आणि चांगले टायर असलेली गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. ब्रेकची ताकद निम्मी असेल तर त्याच गाडीला १८ मीटर लागतात.

यातला महत्त्वाचा भाग पुढे आहे. चांगली गाडी ज्या जागी पूर्ण थांबली असती, त्या जागी निम्म्या ब्रेकची गाडी अजून ताशी सुमारे २८ किलोमीटरने धावत असते. वेग ताशी ६० असता, तर त्या जागी तिचा वेग ४२ असता. कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. निम्मी ऊर्जा खर्च झाली तरी वेग निम्म्यावर येत नाही, सत्तर टक्के शिल्लक राहतो. समोरच्या मुलाला बसणारा धक्का या उरलेल्या वेगाचा असतो. मोटारीसमोर आलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका वेगाबरोबर किती झपाट्याने वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. ताशी ५० वरून वेग ६५ झाला की तो साडेचार पट होतो.

दोन चाकांच्या ब्रेकमध्ये तफावत असेल तर आणखी एक संकट येते. एक चाक जास्त अडते, दुसरे कमी. जोरात ब्रेक मारल्यावर गाडी सरळ न थांबता एका बाजूला ओढली जाते किंवा तिचा मागचा भाग घसरतो. कोरड्या रस्त्यावर हळू चालवताना चालकाला हे जाणवतही नाही. पहिल्या पावसात, तेल आणि धूळ एकत्र होऊन रस्ता निसरडा झालेला असतो, तेव्हा ते कळते.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्रातली संख्या १५ हजार २२४ होती. देशातल्या मृतांपैकी ३२ हजारांहून अधिक जण पायी चालणारे होते. हे सगळे अपघात गाडीच्या दोषामुळे झाले असे नाही. वेग, मद्य, झोप, वाईट रस्ता ही कारणे मोठी आहेत. पण चूक कोणाचीही असो, शेवटच्या दोन सेकंदांत अपघात टाळण्यासाठी चालकाच्या हाती ब्रेक, टायर आणि स्टेअरिंग एवढेच उरते. तपासणी होते ती याच गोष्टींची.

पहिले काम : माणसे उतरवा

नापासाचा कागद मिळाल्यावर पहिले काम म्हणजे त्या गाडीत प्रवासी बसवणे बंद करणे. इथे अनेकदा एक पळवाट काढली जाते. जुन्या प्रमाणपत्राची मुदत अजून आठवडाभर शिल्लक आहे, मग तोवर चालवू. मुदत कागदाची असते. ब्रेकची तफावत आजचीच आहे. कायद्यानेही हे ओळखले आहे. चालकाला माहीत असलेला, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष असताना गाडी रस्त्यावर आणणे, हा कलम १९० नुसार गुन्हा आहे. तपासणीचा अहवाल हातात आल्यावर ‘मला माहीत नव्हते’ म्हणायला जागा राहत नाही. अपघात झालाच, तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

केंद्रावरून गॅरेजपर्यंत गाडी कशी न्यायची, हे दोष पाहून ठरवावे. दिवा, वायपर, रेडियम यांसारखा दोष असेल तर दिवसाउजेडी, रिकामी गाडी जवळच्या गॅरेजला सावकाश नेता येते. ब्रेक, स्टेअरिंग किंवा टायरचा गंभीर दोष असेल, किंवा इंधन गळत असेल, तर गाडी चालवत नेऊ नये. टोइंगचे पैसे त्या दिवशी जड वाटतात, तरी ते द्यावेत.

दोषांची प्रतवारी

अपघात विभागात एकाच वेळी दहा जखमी आले, तर आधी कोणाला पाहायचे हे डॉक्टर ठरवतात. अहवालातल्या दोषांचीही तशीच वर्गवारी करावी.

पहिल्या गटात जिवावर बेतणारे दोष. ब्रेक, स्टेअरिंग, चाकांचे बेअरिंग, फुगा आलेला किंवा आतले धागे दिसणारा टायर, पेट्रोल किंवा गॅसची गळती, सीट आणि सीटबेल्ट जिथे बांधलेले असतात तिथला गंजलेला पत्रा. हे दुरुस्त झाल्याशिवाय गाडी हलवू नये.

दुसऱ्या गटात दिसण्याचे आणि दाखवण्याचे दोष. हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, आरसे, वायपर, रेडियम, हॉर्न. यातले बरेचसे एका दिवसात आणि थोड्या पैशात होतात, म्हणूनच ते मागे राहतात. वर रोखलेला हेडलाइट हा किरकोळ दोष वाटतो. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे त्याने दिपतात आणि पुन्हा नीट दिसायला काही सेकंद लागतात. साठीपुढच्या माणसाला, मोतीबिंदू सुरू झालेल्याला त्याहून जास्त वेळ लागतो. त्या काही सेकंदांत तो जवळजवळ आंधळा गाडी चालवत असतो.

तिसऱ्या गटात कागद आणि उपकरणे. विमा, पीयूसी, वेगनियंत्रक, अग्निशामक नळकांडे, प्रथमोपचार पेटी. नळकांड्याची मुदत संपलेली असते, पेटीत औषधांऐवजी बिले ठेवलेली असतात. हे दोष एका फेरीत निकाली निघतात. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या टाकीची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख याच वेळी पाहून घ्यावी.

आकडा नको, कारण शोधा

ताप आला की पॅरासिटामॉल देता येते, पण ताप कशाचा हे पाहावे लागते. ब्रेक कमी दाखवला म्हणून ब्रेक आवळणे हे पॅरासिटामॉल झाले. मागच्या एका चाकाचा ब्रेक कमी का, याची कारणे वेगवेगळी असतात. व्हील सिलिंडर गळून लायनरवर ब्रेक ऑइल पसरले असेल, लायनर झिजले असतील, ड्रम आतून खाचला असेल किंवा हँडब्रेकची केबल अडकली असेल. तेल लागलेले लायनर पुसून चालत नाहीत, बदलावेच लागतात. बदलताना एका चाकाचे न बदलता त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. नाहीतर नवे आणि जुने यांच्यात पुन्हा तफावत येते आणि फेरतपासणीत तोच शेरा मिळतो.

ब्रेक ऑइलकडे फारसे कोणी पाहत नाही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. खंबाटकी किंवा कसारा घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्याने ते तापते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकाएकी खाली जाते. ‘घाटात ब्रेक फेल झाला’ अशी बातमी आपण वाचतो, त्यामागे कधी कधी ही साधी गोष्ट असते. लायनर बदलताना ऑइलही बदलून घ्यावे. खर्च फार नसतो.

टायर तर स्वतःच सगळी कहाणी सांगतो. मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे किंवा सस्पेन्शनचा एखादा सांधा ढिला आहे. हे कारण तसेच ठेवून नवा टायर चढवला, तर काही हजार किलोमीटरमध्ये तोही तसाच झिजतो. मोटारीच्या टायरवरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात, दुचाकी आणि तीनचाकीच्या ०.८ मिलिमीटर. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. टायर त्यांच्या पातळीला झिजला की बदलायची वेळ झाली. पावसात खाचांमधूनच पाणी बाहेर फेकले जाते. त्या नसतील तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि ब्रेक कितीही चांगला असला तरी गाडी घसरत जाते.

स्टेअरिंगमध्ये ढिलेपणा असेल तर टाय रॉडची टोके, बॉल जॉइंट आणि स्टेअरिंग बॉक्स तपासावा. हे भाग बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा करून घेणे आवश्यक आहे. काम झाल्यावर बदललेले जुने भाग पाहायला मागावेत आणि बिल घ्यावे. जुना भाग पाहिला की दोष खरोखर तिथेच होता का, हे मालकालाही कळते.

धुराचा दोष आणि ‘गाडी लागणे’

पीयूसीत नापास होणे सगळ्यांत हलके समजले जाते. धुराचा रंग पाहिला तरी बरेच समजते. डिझेल गाडीचा काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही. एअर फिल्टर तुंबलेला असतो किंवा इंजेक्टर बिघडलेले असतात. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गरम इंजिनातून सतत येणारा दाट पांढरा धूर हा कूलंट आत शिरत असल्याचा इशारा असू शकतो. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत कार्बन मोनॉक्साइड वाढलेला असेल तर एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इंधनाचे मिश्रण आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासावेत.

डिझेलच्या धुरामुळे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले. दम्याच्या मुलांना हा धूर लगेच त्रास देतो. मात्र शाळेच्या बंदिस्त व्हॅनमध्ये याहून जवळचा धोका फुटक्या सायलेन्सरचा आहे. सायलेन्सरचा पाइप किंवा जोड गंजून फुटला आणि तळाचा पत्राही सडलेला असला, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग रक्त फिरत राहते, पण शरीराला प्राणवायू पुरत नाही.

त्याची सुरुवातीची लक्षणे म्हणजे डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, सुस्ती. घरी आलेले मूल हेच सांगते आणि आई म्हणते, ‘गाडी लागली असेल.’ बहुतेक वेळा ते खरेही असते. पण एकाच गाडीतल्या दोन-तीन मुलांना तोच त्रास होत असेल, खिडक्या बंद असताना वाढत असेल आणि मोकळ्या हवेत आल्यावर लवकर कमी होत असेल, तर सायलेन्सरची शंका घ्यावी. मुलांना उतरवून मोकळ्या हवेत आणावे आणि गाडी बंद करावी. मूल गुंगीत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा बोलणे विस्कळीत वाटत असेल तर त्याला थेट रुग्णालयात न्यावे आणि ते व्हॅनमध्ये होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला वेगळे ओळखता येत नाही, त्यामुळे आकडा ठीक दिसू शकतो.

दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचाही विचार व्हायला हवा. ब्रेकचा ड्रम उघडला की आत काळी धूळ असते आणि गॅरेजमध्ये ती हवेच्या पाइपने उडवून टाकायची सवय आहे. जुन्या आणि काही स्वस्त लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर त्रास दिसायला वीस, तीस वर्षे लागतात. तेव्हा फुप्फुसे घट्ट होण्याचा आजार किंवा कर्करोग समोर येतो. ही धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले लायनर मागून घ्यावेत. मालकाने ‘हवा मारू नका’ एवढे म्हटले, तरी शेजारी बसलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मदतनिसावर उपकार होतील.

फेरतपासणी, अपील आणि निरोप

काम झाल्यावर लगेच मुलांना घेऊन निघू नये. नवे लायनर ड्रमला नीट बसायला थोडे अंतर चालावे लागते. रिकामी गाडी मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागी कमी वेगात चालवून ब्रेक दाबून पाहावा. ती सरळ थांबते का, पेडल किती खाली जाते, स्टेअरिंग सोडल्यासारखे वाटते का, हे पाहावे. मग फेरतपासणीला न्यावी. फेरतपासणीची मुदत आणि शुल्क नापासाचा अहवाल घेतानाच विचारून ठेवावे, म्हणजे धावपळ होत नाही.

निकाल चुकीचा आहे, असे वाटले तर दलालाकडे जायची गरज नाही. स्वयंचलित केंद्रांच्या नियमांत अपिलाची तरतूद आहे. अपील मान्य झाले तर गाडीची पूर्ण किंवा काही भागांची पुन्हा चाचणी होते. अपील करताना नापासाचा लेखी अहवाल आणि दुरुस्तीची बिले जवळ असली की बाजू मांडता येते.

काही गाड्या मात्र दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या असतात. चासी सडलेली, इंजिन संपलेले, आणि खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. अशी गाडी दूरच्या तालुक्यात स्वस्तात विकून टाकायची, हा सर्रास निघणारा मार्ग. शहरात नापास झालेली गाडी मग एखाद्या गावात बाजाराच्या दिवशी वीस माणसे कोंबून धावते. तिथे रुग्णालयही लांब असते. त्यापेक्षा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी देऊन जमा प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. हे प्रमाणपत्र दाखवून नवी गाडी घेतल्यास मोटार वाहन करात सवलत मिळू शकते. केंद्राच्या धोरणात ही सवलत खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत आहे.

पालकांचा वाटा

महाराष्ट्रात शाळेच्या बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. तरीही व्हॅन ठरवताना पालक बहुधा दोनच प्रश्न विचारतात. किती वाजता येणार आणि महिन्याचे किती. गाडीचे पासिंग कधीपर्यंत आहे, हा तिसरा प्रश्न विचारायला हवा. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की योग्यता प्रमाणपत्राची आणि विम्याची मुदत दिसते. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

या प्रश्नाबरोबर थोडी जबाबदारीही येते. दुरुस्तीसाठी गाडी आठ दिवस बंद ठेवणाऱ्या चालकाचे पैसे कापले, तर पुढच्या वर्षी तो गाडी बंद ठेवणार नाही, टायर उसने आणेल. त्या आठ दिवसांत पालकांनी आळीपाळीने मुले सोडावीत, शक्य असेल तर महिन्याचे भाडे आगाऊ द्यावे. चौदा घरांत विभागला तर हा भार फार नाही. पाच ते एकोणतीस वर्षे वयोगटात जगभर सर्वाधिक मृत्यू रस्ते अपघातांनी होतात, कोणत्याही आजाराने नाही. लसीकरणाचे कार्ड जपून ठेवणाऱ्या पालकांनी व्हॅनच्या पासिंगची तारीखही त्याच कप्प्यात लिहून ठेवायला हरकत नाही.

आरटीओच्या मैदानावर कागद घेऊन उभ्या असलेल्या त्या चालकाने आजच्या आज तीन गोष्टी केल्या तरी पुरे. अहवाल नीट वाचून घ्यायचा. पालकांच्या ग्रुपवर खरे सांगायचे : ‘गाडीच्या ब्रेकचे काम निघाले आहे, आठ दिवस गाडी येणार नाही.’ आणि गाडी रिकामी, टोइंगने, गॅरेजला पाठवायची. असा निरोप आला की चार पालक कुरकुरतील. पण जो चालक ब्रेकचा दोष स्वतः होऊन सांगतो, त्याच्याच गाडीत मूल बसवावे, हे त्यांनाही थोड्या वेळाने पटेल.